मदत हवी आहे: डिसेंबरात पुळणीवर स्वतःचा तंबू लावून दोन रात्री

सागरगोटा

नमस्कार मंडळी,

दत्तजयंतीच्या शनिवार-रविवारला जोडून दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या बाजूला, समुद्रकाठी दोन रात्री राहायचा बेत आहे. मी, भाऊ, वहिनी आणि भाची (वय 11). पॅकेजवाले तंबू नको आहेत. ते लायटिंग, ते स्पीकर, रात्री बारापर्यंत चालणारं बार्बेक्यू आम्हाला झेपत नाही. स्वतःचा तंबू, स्वतःचा स्टोव्ह, खिचडी-पापड आणि समुद्र, एवढंच हवंय. किल्ल्यांवर गुहेत, देवळात, उघड्या पठारावर मुक्काम भरपूर झालेत. वाळूत मात्र आमच्यापैकी कोणीच तंबू लावलेला नाही.

पौर्णिमा मुद्दाम धरली आहे, चांदण्यासाठी. सॅटेलाइट नकाशावर खाडीच्या मुखाशी वाळूचा एक लांब दांडा दिसतो. आजूबाजूला वस्ती नाही, दोन्हीकडे पाणी, जागा फारच देखणी वाटली. दुपारी दीड-दोनला पोचू, भरतीची ओली रेघ बघू आणि तिच्या वीसेक पावलं वर तंबू लावू, असा विचार आहे.

आता शंका. वीस पावलं पुरतील का? वाळूत खुंट्या धरतात का, का दगड न्यावे लागतील? तंबूचं तोंड कुठे करायचं? पाणी किती न्यायचं? आणि परवानगी म्हणून काही असते का, असल्यास कोणाची? 'जाऊच नका' सोडून काहीही सांगा.

चकवा

वाचतोय. आमच्याही टोळीच्या डोक्यात हे खूळ आहे.

निवटी

सागरगोटा, जाऊच नका असं म्हणत नाही, पण त्या दिवशी आणि त्या जागी जाऊ नका. कारण सांगतो.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, प्रत्यक्षात अकरा ते साडेबाराच्या मध्ये कुठेतरी. हिशोब ढोबळ आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा, पण बेत आखायला एवढा पुरतो.

आता तुमचा बेत यावर ठेवून बघा. पौर्णिमेच्या दुपारी दीड-दोनला पोचलात तर बाराची भरती नुकतीच ओसरलेली असेल. रेघ ताजी दिसेल. संध्याकाळी सहाला सूर्य बुडताना ओहोटी पूर्ण. समुद्र इतका लांब गेलेला असेल की वीस पावलं म्हणजे उगाच घाबरटपणा वाटेल. आणि तुम्ही जेवून झोपलात की मध्यरात्री तो परत येणार, तोही उधाणाचा.

वर आणखी एक गंमत. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दुपारची मोठी असते, म्हणून मुंबईत दुपारच्या भरतीच्या बातम्या होतात. डिसेंबर-जानेवारीत उलट, रात्रीची मोठी. म्हणजे दुपारची जी रेघ तुम्ही प्रमाण मानणार, ती दोघींतली धाकटी. शिवाय सगळ्यात मोठं उधाण बरोबर पौर्णिमेला नसून एक-दोन दिवसांनी येतं, म्हणजे पहिली रात्र निभावली म्हणून दुसऱ्या रात्री निर्धास्त होऊ नये. मुंबईइतकं पाणी इकडे चढत नाही, दक्षिणेकडे यावं तसा फरक कमी होत जातो. पण पुळण सपाट असली की उभं हातभर चढलेलं पाणी आडवं कितीतरी आत येतं.

आणि तो दांडा. तिथे पाणी फक्त समोरून येत नाही, खाडी मागून भरते. आंजर्ल्याला जोग नदी, केळशीला भारजा, दोन्ही मुखांशी वाळू दरवर्षी जागा बदलते. नकाशावरचा फोटो कधीचा आहे कोणास ठाऊक. रात्री मागची वाट बंद झाली तर अंधारात, ओढ असलेल्या पाण्यातून पोरीला घेऊन कुठे जाणार? तिथे दिवसा फिरा, झोपू नका.

दोर_आणि_गाठ

निवटींनी भरतीचं सांगितलंच आहे, मी सामानाचं सांगतो.

खुंट्या घरी ठेवा. डोंगरात चालतात त्या बारीक खुंट्या कोरड्या वाळूत हाताने उपटून येतात. पाच किलो तांदळाच्या रिकाम्या पिशव्या न्या, एका तंबूला सहा-आठ. पिशवी वाळूने भरायची, तोंडाला दोरी करकचून बांधायची. मग कोपर बुडेल एवढा खड्डा खणायचा, पिशवी आडवी ठेवायची आणि दोरी तंबूकडे तिरकी बाहेर काढायची. खड्डा बुजवताना वाळू थरथराने टाका, प्रत्येक थरावर थोडं समुद्राचं पाणी ओता आणि टाचेने दाबा. कोरडी वाळू नुसती लोटली तर वाऱ्याने तंबू हलत राहतो आणि पिशवी हळूहळू वर येते. नीट दाबलेली पिशवी दोन माणसांनी ओढली तरी हलत नाही. निघताना उकरून पिशव्या परत न्या.

तोंडाचं म्हणाल तर दुपारनंतर वारा समुद्रावरून, साधारण वायव्येकडून, आणि बऱ्यापैकी जोरात. तंबूची अरुंद बाजू तिकडे, दार उलट दिशेला. पण मध्यरात्रीनंतर मतलई वारा सुटतो, जमिनीकडून आणि गार. तेव्हा दार बंद. वरची झडप मात्र उघडी हवी. डिसेंबरात दव इतकं पडतं की सगळं बंद करून झोपलात तर सकाळी आतून पाणी ठिबकतं. खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, दव तीच आत ओढते.

चेनमध्ये वाळू अडकली की दुसऱ्याच रात्री दार लागत नाही. एक रंगाचा ब्रश आणि मेणबत्तीचा तुकडा ठेवा. ब्रशने झाडायचं, मेण घासायचं. स्टोव्ह वाळूवर थेट नको, खाली जुना पाट किंवा फळी. वाऱ्याला आडोसा करा, पण सिलिंडरसुद्धा आत कोंडेल इतका गच्च नको, तो तापतो.

पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा. भांडी समुद्रात घासून शेवटचा हात गोड्या पाण्याचा.

काठावरची

भरती-वाऱ्यापेक्षा मला दुसरीच काळजी आहे. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. वेळास, केळशी, आंजर्ले, सगळा तोच पट्टा. मादी येते रात्री, आणि घरटं करते भरतीच्या रेघेच्या जरा वर, कोरड्या वाळूत. म्हणजे तुम्ही तंबूसाठी जी जागा शोधणार, नेमकी तीच. पुढे उजेड, माणसं, हालचाल दिसली तर ती अंडी न घालता माघारी वळते.

वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने आणि गावकऱ्यांनी हे काम उभं केलं, नंतर ते इतर गावांत पसरलं. गावचे कासवमित्र पहाटे पुळणीवर फेरी मारतात. त्यांना आधी विचारा, कुठे झोपलात तर अडचण नाही ते तेच सांगतील. पुळणीवर पांढरी बॅटरी फिरवू नका, लाल कागद लावा. आणि शेकोटी नकोच.

मुक्तछंद

शेकोटी नको, चांदणं नको, वाळू नको! समुद्रकिनारा सगळ्यांचा आहे, विचारायचं कोणाला आणि कशाला? आम्ही कुठेही झोपतो, कोणी काही म्हणत नाही.

निवटी

मुक्तछंद, किनारा सगळ्यांचा आहे हे खरं. पण 1993 साली शेखाडीला स्फोटकं उतरली ती अशाच एका पुळणीवर, रात्रीच. 2008 नंतर तर पोलिसांची गस्त, सागर सुरक्षा दलाची पोरं, सगळेच रात्रीच्या उजेडावर नजर ठेवून असतात. रात्री दोनला कोणी तंबूवर काठी आपटून ओळखपत्र मागितलं तर त्यात त्याचं चुकत नाही. दिवसा ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांकडे नावं, गाडीचा नंबर, किती रात्री हे सांगून ठेवलं की हा प्रश्नच येत नाही. बहुतेक वेळा वर चहा मिळतो.

शेकोटीबद्दल काठावरची म्हणतात ते बरोबर, आणखी एक कारण आहे. लोक निघताना निखाऱ्यांवर वाळू लोटतात. वरून काही दिसत नाही आणि खाली ते कितीतरी वेळ धगधगत राहतात. सकाळी अनवाणी पोरं पळत येतात. सुरूच्या बनात तर काडीसुद्धा ओढू नका, खालचा वाळका पाला भसकन पेटतो.

सागरगोटा

मंडळी, आभार. पौर्णिमा रद्द. भावाने रजा बदलून एक आठवडा आधीची घेतली, म्हणजे शुद्ध अष्टमी-नवमी. पाऊणपटीने भरती संध्याकाळी सहा आणि पावणेसातला येते. बरोबर ना? दांडाही रद्द.

दोन गोष्टी राहिल्या. नक्की कुठे लावू, मोकळ्या वाळूत की सुरूत? आणि संडासाचं काय करायचं? डोंगरात आडोसा असतो, इथे मागे गाव आणि पुढे समुद्र.

निवटी

अष्टमी उत्तम. भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही, आणि जेवढं चढेल ते तुमच्या डोळ्यांदेखत, अंधार पडता पडता. मध्यरात्री ओहोटी. अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, म्हणजे जेवायला चांदणं आणि नंतर तारे.

जागा अशी बघा. ओल्या रेघेवर विसंबू नका. वाळूवर काटक्या, सुरूची फळं, थर्माकोल, तुटक्या चपला यांच्या एकामागे एक ओळी दिसतील. सगळ्यात मागची ओळ मागच्या उधाणाची. तिच्याही मागे मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. वेल जुनी, जाड धरलेली असेल तिथवर एरवी समुद्र येत नाही. वेलीवर तंबू लावू नका, तीच वाळू धरून ठेवते. तिच्यामागे मोकळी जागा असेल तर तिथे. सुरूत वारा कमी लागतो, पण बरीच लागवड वनखात्याची आहे, विचारल्याशिवाय नको. केवड्याच्या जाळीपासून आणि दगडी गडग्यांपासून लांब राहा, फुरसं तिथेच असतं. रात्री उठलात तर पायात बूट आणि हातात बॅटरी, लाल कागदवाली चालेल.

रापणीची जागा तेवढी अडवू नका. जाळी पहाटे ओढतात, दोऱ्या वाळूवरून जातात, आणि त्यात तुमच्या दोऱ्या आल्या तर दिवसाची सुरुवात शिव्यांनी होईल.

संडासासाठी पुळणीवर खड्डा खणू नका. एखाद्या घरी आधीच बोलून ठेवा. रात्रीचे काही पैसे ठरवले की बाथरूम, विहिरीचं पाणी आणि गाडीला जागा तिन्ही मिळतं. त्यांची वाडी पुळणीला लागून असेल तर तंबूही तिथेच लावा. नारळाखाली मात्र नको.

सागरगोटा

नारळाखाली का, हे भाचीने लगेच ओळखलं :) कासवमित्रांशी बोलणं झालं आहे, ते एका वाडीवाल्यांचा नंबर देतायत. गाडी पुळणीवरून तंबूपर्यंत नेता येईल का? सामान बरंच आहे.

दोर_आणि_गाठ

नाही. ओली वाळू कडक लागते म्हणून लोक गाडी घालतात, पुढे मऊ पट्टा लागतो, चाक फिरवत बसतात आणि चेसिस टेकते. मग ट्रॅक्टर मिळेपर्यंत भरती येते. कासवांचा विचार केला तर तसंही चालणार नाही. दोन फेऱ्या करा, पाण्याचा वीस लिटरचा कॅन एक न नेता दहाचे दोन न्या, हातात तोल राहतो. आणि समुद्रात काही अडचण आली तर तटरक्षक दलाचा 1554, एरवी 112, हे दोन नंबर चौघांच्याही फोनमध्ये टाकून ठेवा.