शब्दचर्चा : खाणीतला लोडर ‘स्वयंचलित’ की ‘दूरनियंत्रित’?

प्रश्न (लातूर) : ताई, भाषांतरात एक वाक्य अडलंय. चालक वर खोलीत बसून, पडद्यावर बघत, खाणीतला लोडर (फोडलेला माल बकेटमध्ये भरून नेणारं यंत्र) चालवतो. मी ‘स्वयंचलित लोडर’ लिहिलं, पण खटकतंय. आणि ‘भूमिगत खाण’ चालेल का?

उत्तर (परभणी) : खटकतंय ते बरोबरच आहे, दादा. स्वयंचलित म्हणजे आपलं आपण चालणारं. तुमच्या वाक्यात चालवणारा माणूस आहे, फक्त तो यंत्रावर बसलेला नाही.

हा फरक आपल्याकडं शेतात रोज बोलला जातो. ‘मोटार ऑटोवर टाकली’ म्हणजे लाईट आली की ती आपोआप सुरू होणार, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. ‘मोबाईलवरून चालू केली’ म्हणजे घरी बसून कुणीतरी बटण दाबलं. विहिरीवर माणूस दोन्ही वेळा नसतो, तरी या दोन गोष्टी एकच आहेत असं कुणी म्हणत नाही. फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) बघायला विहिरीत उतरायचं असलं की आमचे वडील पहिल्या पायरीवरच थांबून विचारायचे, “ऑटो काढला का?”

खाणीतही हेच. धातुखनिजाच्या खाणीत सुरुंग उडवून खनिज फोडलं की मागं मोठी पोकळी राहते. तिला तिथं स्टोप म्हणतात. जिथं तिच्या छताला आधार नसतो तिथं दगड कधीही निखळतो, म्हणून आत माणूस पाठवत नाहीत. आधीची रीत अशी : चालक सुरक्षित जागी उभा राहतो, पोटाशी पट्ट्यानं बांधलेल्या डब्यावरच्या जॉयस्टिक हलवतो आणि नजरेसमोर बकेट भरतो. पुढं यंत्रावर कॅमेरे आले, बोगद्यातून रेडिओची केबल फिरली आणि चालक थेट खाणीबाहेर, वरच्या खोलीत येऊन बसला. ही दोन्ही कामं ‘दूरनियंत्रित’.

त्याहून नव्या यंत्रांत बकेट भरल्यावर लोडर लेसरनं भिंतींचा अंदाज घेत स्वतःच वाट धरतो, माल ओततो, परत येतो. तेवढा टप्पा ‘स्वयंचलित’. फुटलेल्या दगडाचा ढीग दर वेळी वेगळा असतो, त्यामुळे बकेट भरणं बऱ्याच ठिकाणी माणसाच्याच हाती ठेवलेलं असतं. म्हणजे एकाच फेरीत दोन्ही शब्द लागतात. शिवाय यंत्र स्वतः फिरतं तो भाग बंद ठेवतात. तिथली प्रकाशाची रेघ कुणी ओलांडली की यंत्र थांबतं. वडिलांचा तोच प्रश्न! म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, असं मी आग्रहानं सांगते.

‘स्वायत्त’ही काही जण लिहितात. मला तो महाविद्यालयालाच शोभतो.

‘भूमिगत खाण’ चूक नाही. पण १७ सप्टेंबर १९४८ च्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या, आठवणी ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला भूमिगत म्हटलं की कार्यकर्ते आठवतात. ओघात ‘जमिनीखालची खाण’ लिहा.

प्रश्न : आणि ‘खदान’?

उत्तर : नको. आपल्याकडं खदान म्हणजे गावाबाहेरचा काळ्या दगडाचा उघडा खड्डा, पावसाळ्यात पाण्यानं भरलेला.

प्रश्न : मग असं करतो : ‘जमिनीखालच्या खाणीतला दूरनियंत्रित लोडर वरच्या कक्षातून चालवला जातो.’

उत्तर : ‘चालवला जातो’ काढा, दादा. ‘वरच्या खोलीतला चालक चालवतो’ लिहा. माणूस वाक्यात दिसू द्या.