पिकल्या पपईला बंदी आणि कच्च्या पपईच्या संभाऱ्याला मोकळीक?

दांडियाबाजारची_थोरली
आमच्या धाकट्या जावेला पाचवा महिना लागलाय. घरात पपई आणायची नाही. तीळ नाहीत, उत्तरायणाची चिक्कीसुद्धा तिच्यापासून लपवून खाल्ली. शेवगा उष्ण म्हणून बंद. आणि रविवारी सकाळी लारीवरचा फाफडा-गाठिया आला की तिच्या ताटलीत संभाऱ्याचा हा एवढा ढीग! तो संभारो कशाचा असतो, बडोद्यात कुणाला सांगायला नको. कच्ची पपई किसायची, मोहरी-हिंगाच्या फोडणीवर एकदा परतायची, झालं.

भीती आहे ती चिकाची. पपई कच्ची असते तेव्हा तिच्यात चीक असतो आणि त्यात पपेन, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, असतं. फळ पिकत जातं तसा चीक जवळजवळ संपतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002 मध्ये उंदरांवर हे तपासलं होतं. पिकल्या पपईच्या रसाने गर्भाशयावर काही परिणाम दिसला नाही, चिकाने मात्र आकुंचन झालं. मग पूर्ण पिकलेली पपई तिला देऊ या आणि संभारो बाजूला ठेवू या, एवढंच माझं म्हणणं. आपण बरोबर उलटं करतोय.

मांडवीच्या_काकू
बाई गं, उंदरांचं मला नको सांगूस. "पूर्ण पिकलेली" हे ठरवणार कोण? खंडेराव मार्केटातून आणलेली पपई वरून पिवळीधमक असते आणि घरी कापली की देठाकडे हिरवट. लारीवर फोडी करून ठेवतात त्यात तर कुठली कशी, कोण बघतंय? नऊ महिने पपई पोटात गेली नाही म्हणून कुणाचं अडलंय का? पेरू खा. सी जीवनसत्त्व म्हणशील तर पेरूत पपईच्या तिपटीहून जास्त असतं, हे मलाही ठाऊक आहे. पोटुशीच्या बाबतीत घरात शंका नको, म्हणून एक फळ सोडलं तर काय बिघडलं?

दांडियाबाजारची_थोरली
काकू, एकच फळ सोडलं असतं तर मी लिहिलंच नसतं. पपईनंतर तीळ, मग शेवगा, मग वांगं, मग शेजारच्या बेननी सांगितलं म्हणून केळं. शेवटी मुलीच्या ताटात वरणभात आणि बटाट्याची भाजी उरते. शेवग्याचं मूळ आणि साल टाळायची हे मान्य, पण ती आपल्याकडे खातं कोण? आपण खातो त्या शेंगा आणि पाला. दोन्ही नेहमीच्या भाजीइतक्या बिनधास्त खाव्यात.

निजामपुरा_७
दोन्ही बाजूंनी जास्तच होतंय. त्या प्रयोगात चीक उंदरांना खाऊ घातला नव्हता. गर्भाशयाचा तुकडा शरीराबाहेर काढून त्यावर लावला होता. गाभण उंदरांना जे खायला दिलं ते पिकल्या पपईचं मिश्रण, आणि त्यांना काही झालं नाही. तेव्हा चमचाभर संभाऱ्याने गर्भ पडतो असं यातून कुणी सिद्ध करू नये. आमच्या घरी मटणाला कच्ची पपई लावतातच.

दांडियाबाजारची_थोरली
मटण तासभर रटरटतं, त्यात पपेन टिकत नाही. संभारो कढईत दोन मिनिटं असतो. आणि मी चमचा नाही, ढीग म्हटलंय.

फतेहगंजची_सून
आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून सासूबाई एक दिवसाआड बकऱ्याची कलेजी करतात. तिसरा महिना आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात म्हणे. कलेजीत लोह असतं हे तर खरं ना?

आहारशास्त्रवाली_बडोदा
या सगळ्या चर्चेत खरी काळजीची गोष्ट ही आहे, आणि ती कुठल्याच घरच्या वर्ज्य यादीत नसते. कलेजीत लोह आहे, फोलेट आहे, बी-12 आहे. पण त्याबरोबर तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल, फार मोठ्या प्रमाणात आहे. गरोदरपणात ते दिवसाला 3000 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. शंभर ग्रॅम कलेजीत हा आकडा सहज ओलांडला जातो. जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असताना त्याचा उपद्रव होऊ शकतो. मुरमांवर देतात ते आयसोट्रेटिनॉइन गरोदर बाईला का देत नाहीत? ते याच कुळातलं औषध. ब्रिटनची आरोग्यसेवा गरोदर बायकांना कलेजी टाळाच म्हणते.

गाजर, लाल भोपळा, आंबा, शेवग्याचा पाला यांत अ जीवनसत्त्व बीटा-कॅरोटिनच्या रूपात असतं. शरीर त्यातून लागेल तेवढंच बनवून घेतं. तिथे ही भीती नाही.

फतेहगंजची_सून
आतापर्यंत जे खाल्लं त्याचं काय? आता घाबरायला झालं.

आहारशास्त्रवाली_बडोदा
घाबरून काही होत नाही. आजपासून थांबवा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना किती आणि कधीपासून खाल्लं ते सांगा, आणि अ जीवनसत्त्व असलेलं दुसरं टॉनिक चालू असेल तर तेही दाखवा. साधं मटण किंवा चिकन नीट शिजवून खायला हरकत नाही, त्यातही लोह आहे.

सयाजीबाग_पहाटे
मी कलेजीच्या बाजूने बोलणार. आमच्या आजीने सात बाळंतपणं कलेजी-पायाच्या रश्श्यावर काढली. सगळी मुलं धडधाकट. प्रत्येक गोष्टीचं मायक्रोग्रॅम काढायला लागलं तर जेवायचं कसं?

आहारशास्त्रवाली_बडोदा
दादा, तुमच्या आजीकडे घरात बकरा रोज कापला जात नव्हता. सणावाराला, त्यातही वीस माणसांत वाटून एखादा तुकडा तिच्या वाट्याला यायचा. आता बाजारातून अर्धा किलो नुसती कलेजी येते आणि ती एकटीसाठी.

मांडवीच्या_काकू
हे मात्र पटलं. आमच्यात मांसाहार नाही, पण "पौष्टिक आहे ना, मग खा" म्हणून कोंबण्याची खोड सगळ्या घरांत सारखीच. मला सांगा, रक्त वाढायला मग शाकाहारी बाईने काय करायचं? पालक-बीट तर रोज चालू आहे.

आहारशास्त्रवाली_बडोदा
काकू, बिटाचा रंग लाल म्हणून त्यात लोह भरपूर, असं नाही. त्यापेक्षा बाजरी, मटकी, हरभरे, राजगिरा, शेवग्याचा पाला धरा. गरोदर बाईला रोज साधारण 27 मिलिग्रॅम लोह लागतं आणि ते नुसत्या जेवणातून भरून निघणं अवघड, म्हणून तर सरकारी कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीपासून 60 मिलिग्रॅमची गोळी रोज, 180 दिवस देतात. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त, 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. आणि आपण बडोदेकर काय करतो? गोळी जेवणानंतर, लगेच वर अर्धा कप मसाला चहा. चहाने लोहाचं शोषण मारलं जातं. कॅल्शियमची गोळीसुद्धा त्याच वेळी नको, दोन तास तरी अंतर हवं. लिंबू, आवळा, तुमचा पेरू, आणि हो, पिकलेली पपई, यांनी उलट मदत होते.

निजामपुरा_७
मोड आलेल्या कच्च्या मुगाचं कुणीच बोललं नाही. डोहाळजेवणात हमखास कोशिंबीर असते.

आहारशास्त्रवाली_बडोदा
मोड उबेत आणि ओलाव्यात येतात, जंतूही तिथेच वाढतात. वाफवून घ्या, उसळ करा. कच्चे नकोत.

मांडवीच्या_काकू
चहाचं मी आजपासून बघते. संभारोही ताटलीतून काढायला सांगते. पण पपई मी आणणार नाही, देठ हिरवा निघाला की माझाच हात थरथरतो. पेरूवर काही म्हणणं असेल तर बोला.

दांडियाबाजारची_थोरली
पेरूवर काही नाही काकू. पण तिळाची चिक्की मी उद्या तिच्या हातात देणार आहे.