नेपाळला मिशन ट्रिपला जायचंय, काय काळजी घेऊ?

सलाम सगळ्यांना. आमच्या चर्चचा तरुण संघ दिवाळीच्या सुट्टीत १० दिवस काठमांडूला चाललाय, मी पण नाव दिलंय पण घरचे घाबरलेत.

– ताई, जरूर जा पण आधी कायदा समजून घ्या, २०१८ पासून लागू नेपाळच्या फौजदारी संहितेचं कलम १५८, धर्मांतर करवलं तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि परदेशी असाल तर शिक्षेनंतर देशाबाहेर. रस्त्यात धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटू नका, टीमलीडर म्हणाला तरी!

– मी जाऊन आलोय. तिथं बहुतेक मंडळ्यांची (म्हणजे चर्चची) उपासना शनिवारी, सुट्टीच शनिवारची ना. आम्ही भांडी घासली, स्वयंपाकाला हात लावला, पाळकांना तेच हवं होतं. फोटोसाठी मुलं गोळा करू नका प्लीज.

– व्हिसा नको, पण विमानाला पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड ठेवा, नुसतं आधार चालत नाही.