प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी) रोज घ्यायची की फक्त भेटायच्या वेळी?

घाटातला_पाऊस:
मी बायसेक्शुअल आहे, पुण्यात जॉब, घरी आईबाबांसोबत राहतो. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच कोणाला भेटणं होतं, तेही आधी ठरवून. कंडोम असतोच पण कधी फाटतो, कधी समोरचा नको म्हणतो आणि मग कितीतरी दिवस डोक्याला नुसता ताप. एक मित्र प्रेपवर आहे, तो म्हणतो माझ्या बाटलीतल्या चार गोळ्या ने, शनिवारी भेटायच्या आधी दोन टाक, नंतर एकेक. असं चालतं का? आणि ती बाटली आईच्या हाताला लागली तर काय सांगायचं?

रात्रीची_लोकल:
मित्राने सांगितलंय ते 2-1-1, आणि ते चालतं. सेक्सच्या आधी 2 ते 24 तासांत 2 गोळ्या एकदम, मग पहिल्या डोसपासून 24 तासांनी 1 आणि 48 तासांनी 1. लागोपाठ दोनतीन दिवस भेटलास तर रोज 1 चालू ठेव, शेवटच्या सेक्सनंतर अजून 2 दिवस घे आणि मगच थांब. गे-बाय पुरुषांसाठी डब्ल्यूएचओने हे 2019 मध्ये मान्य केलंय. बाईसोबत असलास तरी तुझ्यासाठी हेच शेड्यूल, पण तिला स्वतःला प्रेप घ्यायची असेल तर तिने रोजच घ्यायला हवी, हे तुझ्यासाठी लिहितोय कारण बाय पोरांना हे कोणी सांगतच नाही. ज्याच्या भेटी अचानक ठरतात त्याने सरळ रोजची घ्यावी, डोक्याला शांतता. सुरुवातीला थोडं मळमळतं, डोकं दुखतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं.

ओपीडी_नंबर_नऊ:
मी डॉक्टर आहे. शेड्यूल वर बरोबर दिलंय, पण मित्राच्या गोळ्या प्लीज घेऊ नकोस. आधी तीन टेस्ट: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिन. प्रेपमध्ये टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोनच औषधं असतात, एचआयव्ही आधीच अंगात असेल तर ती पुरी पडत नाहीत आणि व्हायरस त्यांना दाद देईनासा होतो, मग पुढची ट्रीटमेंट अवघड. हिपॅटायटिस बी असेल तर 2-1-1 नकोच, कारण टेनोफोव्हिर त्या व्हायरसलाही दाबून ठेवतं आणि गोळी बंद केली की लिव्हरला जोरात सूज येऊ शकते. क्रिएटिनिन किडनीसाठी, आणि जिममध्ये अंग दुखलं की डायक्लोफेनॅक खायची सवय असेल तर तेही डॉक्टरला सांग. एचआयव्ही टेस्ट सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) फुकट होते, रिपोर्ट गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. पुढे दर 3 महिन्यांनी परत टेस्ट, सोबत सिफिलिस-गनोरियाची पण, त्यांना प्रेप अडवत नाही म्हणून कंडोम सोडायचा नाही.

दोन_खोल्यांचं_घर:
माझं लग्न झालंय, बायकोला माझं बाय असणं माहीत आहे आणि प्रेप मी तिच्यासाठीही घेतो. बाटलीचं म्हणशील तर त्यावर औषधाची नावं असतात, आई गुगल करेल तर कळणारच, म्हणून मी तुझ्या जागी असतो तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली असती. झाकण घट्ट लाव आणि आतली ओलावा शोषणारी पुडी टाकून देऊ नकोस. डॉक्टरची लाज वाटत असेल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट ही एलजीबीटी लोकांसाठी काम करणारी संस्था आहे, तिथे आपलं काही समजावून सांगत बसावं लागत नाही. पुण्यातून फोनवर विचारायचं तर 1097 ही एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

घाटातला_पाऊस:
खूप थँक्यू सगळ्यांना. शनिवारचं पुढे ढकललंय. पण दहाबारा दिवसांपूर्वी एकदा कंडोम फाटला होता, त्याचं आता काय?

ओपीडी_नंबर_नऊ:
72 तासांच्या आत असतं तर पेप (धोका झाल्यानंतर लागण टाळायला घ्यायची औषधं) सुरू करता आली असती, 28 दिवसांचा कोर्स असतो, ती वेळ गेली. घाबरू नकोस, एकदा झालं म्हणजे लागण झालीच असं नसतं. उद्याच टेस्ट कर, पण एवढ्या लवकर निगेटिव्ह आली तरी 3 महिन्यांनी परत करावी लागेल. प्रेप लिहून घेताना ही तारीख डॉक्टरला नक्की सांग, ते कदाचित आरएनए टेस्ट (रक्तात थेट व्हायरस शोधणारी) सांगतील. मधे ताप, अंगावर पुरळ, मानेत गाठी असं काही झालं तर प्रेप सुरू न करता आधी दाखवायला ये.