जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या घातक केमिकल्सचा डेटा एका जागी आणायचाय, सुरुवात कुठून करू?

कोकणवारा:
नमस्कार मंडळी, मी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात कंत्राटावर डेटाचं काम करते. एमआयडीसीतल्या कारखान्यांकडून घातक रसायनांच्या साठ्याच्या याद्या येतात, कुणाची एक्सेल, कुणाची स्कॅन केलेली पीडीएफ, कुणी नुसतीच एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक) जोडून मोकळा. साहेब म्हणतात सगळं एका सिस्टीममध्ये आणा म्हणजे ऑफसाइट इमर्जन्सी प्लॅनला (अपघाताचा परिणाम कारखान्याबाहेर पोचला तर काय करायचं त्या आराखड्याला) वापरता येईल. पण एकाने टोल्युईन लिहिलंय, दुसऱ्याने मिथाइल बेंझिन, तिसऱ्याने नुसतं ट्रेड नेम. साठा कुठे लिटरमध्ये, कुठे ड्रममध्ये. आधी सॉफ्टवेअर ठरवू का?

पेठेतला_कोडर:
सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आधी ठरव की रसायनाची ओळख म्हणजे कॅस नंबर (प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक ओळख क्रमांक), नाव नाही. टोल्युईन कुठल्याही नावाने आलं तरी १०८-८८-३ च, आणि हा नंबर एसडीएसच्या तिसऱ्या सेक्शनमध्ये असतो. शेवटचा आकडा तपासणीचा असतो, तो सोडून बाकीचे आकडे उजवीकडून १, २, ३ असे गुणत जायचं आणि बेरीज करायची, इथे ८+१६+२४+०+५ म्हणजे ५३, बेरजेच्या शेवटी तपासणीचाच ३ आला म्हणजे नंबर बरोबर. एवढा एक फॉर्म्युला टाकलास तरी टायपिंगच्या बऱ्याच चुका तिथेच पकडल्या जातील. आणि कॉलम आधी टेक्स्ट फॉरमॅटला टाक, नाहीतर पोटॅशियमचा ७४४०-०९-७ एक्सेल सरळ तारीख समजून बदलून टाकतं आणि मग कळतही नाही कधी बदलला ते.
ट्रेड नेमवाल्या मालासाठी वेगळं टेबल कर, एका मालाखाली त्यातले सगळे घटक आणि टक्केवारी. कारखान्याने पाठवलेली मूळ फाइल तारखेसकट जशीच्या तशी जपून ठेव, तिच्यात काही दुरुस्त करायचं नाही.

बंबावरचा_माणूस:
ताई, मी फायर ब्रिगेडमध्ये आहे म्हणून कळकळीने सांगतो, युनिटकडे लक्ष द्या. यादीत "क्लोरीन, १२ नग" असं लिहिलेलं असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण नग म्हणजे १०० किलोचा सिलेंडर की ९०० किलोचा टनर (मोठी टाकी)? टनर असतील तर १०.८ टन झाले, आणि १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत क्लोरीनची मर्यादा १० टनाची आहे, म्हणजे तो कारखाना एमएएच युनिट (मोठ्या अपघाताचा धोका असलेला) होतो, ऑनसाइट प्लॅन (आवारातल्या अपघाताचा आराखडा), मॉक ड्रिल सगळं लागू. सिलेंडर असतील तर जेमतेम १.२ टन. म्हणून नग, एका नगाचं वजन आणि एकूण किलो असे तीन वेगळे कॉलम ठेवा.
दुसरं, साठा आवारात नेमका कुठे आहे ते हवंच हवं. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, रात्री गेटवरच्या वॉचमनला विचारून आत जायची वेळ आमच्यावर येऊ नये. भोपाळला १९८४ मध्ये दवाखान्यात माणसं भरत होती आणि डॉक्टरांना धड कळत नव्हतं की कुठल्या वायूवर इलाज करायचाय. त्यानंतरच हे सगळे नियम आले हो.

न्यूजर्सीची_मावशी:
वरच्या दादांना अनुमोदन. इकडे अमेरिकेतही भोपाळनंतर १९८६ मध्ये कायदा झाला, कारखान्यांना दरवर्षी १ मार्चपर्यंत साठ्याची माहिती राज्याला, स्थानिक समितीला आणि फायर डिपार्टमेंटला द्यावीच लागते. इथल्या सरकारचं कॅमिओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातला रसायनांचा भाग इंटरनेट नसताना पण चालतो, आणि वायू कुठवर पसरेल याचा अंदाज काढायला अलोहा आहे. नक्की बघ. फक्त बाहेरच्या लिंकवर विसंबू नको, टॉक्सनेट ही इथली विषारी रसायनांच्या माहितीची साइट किती वर्षं लोक वापरत होते, २०१९ च्या डिसेंबरात बंद केली, बराच डेटा पबकेम या दुसऱ्या साइटला गेला पण जुन्या लिंका लावून बसलेल्यांची पंचाईत झाली. महत्त्वाची माहिती स्वतःकडे उतरवून, तारीख टाकून ठेव.

कोकणवारा:
खूप खूप आभार सगळ्यांचे, नग-वजन-किलोचे कॉलम आजच टाकते. एक राहिलं, काही कारखाने ट्रेड नेमखालचे घटक द्यायला तयारच नाहीत, "कंपनी सीक्रेट" म्हणतात. काय करायचं?

बंबावरचा_माणूस:
त्याच १९८९ च्या नियमांत नियम १७ वाचा, घातक रसायनाची सेफ्टी डेटा शीट बनवायची जबाबदारी कारखान्याचीच आहे, नमुना नवव्या अनुसूचीत दिलाय. फोनवर मागू नका, साहेबांच्या सहीचं पत्र काढा, नियम क्रमांक लिहा आणि प्रत औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला लावा. तोवर ती ओळ रिकामी ठेवू नका, "घटक अज्ञात, पत्र दिलं" असं तारखेसकट लिहा, म्हणजे आमचा माणूस तिथे पूर्ण तयारीनेच आत शिरेल.