खारबांधाची राखण गावाने परत हातात घ्यायची आहे. कुणी केलंय का?

खारपाटकरीण

नमस्कार. मी पेण तालुक्यातली, धरमतर खाडीकाठच्या गावातली. शाळेत शिकवते, आणि बाबा गेल्यापासून साडेतीन एकर खार, म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली भातजमीन, मीच बघते.

गेल्या भाद्रपदात पौर्णिमेच्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. रात्री बॅटऱ्या घेऊन पोचलो तेव्हा दोन हात रुंद होती. पोती टाकली, पेंढा टाकला, चिखल दाबला, सगळं पाण्याबरोबर गेलं. सकाळी ओहोटीला बघितलं तर त्यातून बैलगाडी गेली असती. भात नुकतं पोटरीत आलं होतं, आठवड्यात पिवळं पडलं. आता जमिनीतलं मीठ धुऊन निघायला किती पावसाळे जातील कोण जाणे.

मनाला लागून राहिलंय ते वेगळंच. खांड पडली त्याच जागी महिनाभर आधी मी चिंबोरीचं बीळ बघितलं होतं, मुठीएवढं. आतल्या अंगाची माती ओली होती, म्हणजे पाणी झिरपायला लागलं होतं. दोन घमेली चिखल आणि पायाने दाबायला एक माणूस, एवढंच काम होतं. पण मी सांगणार कुणाला? बाबांच्या लहानपणी बांधाला राखणदार असायचा, सुगीला त्याला प्रत्येक खळ्यावरून भात मिळायचं. वैशाखात घरटी एक माणूस बांधावर जायचा. पुढे बांध सरकारी योजनेत गेला आणि गावाचा हात सुटला. अर्ज दिलाय, मोजमाप झालंय, निधी आला की काम होईल म्हणतात. कामाला सरकार लागेलच, मला मान्य आहे. पण बीळ बुजवायला निविदा कशाला हवी?

अडचणी अशा. निम्मे खातेदार मुंबई-ठाण्यात. काहींनी जमिनी विकल्या, घेणाऱ्यांनी ओस टाकल्यात. पीकच नाही तर त्यांना बांधाचं काय? आणि उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या बांधातल्या दारावर, मासे धरणारी मुलं रात्री झडपेला बांबू अडकवून ठेवतात, खारं पाणी आत येतं. ती मुलंही गावचीच, त्यांच्या घरात एक गुंठा जमीन नाही. त्यांच्याशी भांडून मला काही मिळवायचं नाही.

कुणी अशी गावकी पुन्हा उभी केली असेल तर कशी केली, ते सांगा.

शहापूरचा शेतकरी (अलिबाग)

ताई, बीळ वाचून गलबलून आलं. उधाण तर फक्त निमित्त असतं. आतून पोखरलेला बांध कधीतरी जाणारच.

आमच्या बाजूला जुनी माणसं याला जोळ म्हणायची. एका बांधामागची सगळी शेतं म्हणजे एक जोळ, आणि ज्याचं जेवढं क्षेत्र तेवढा त्याचा बांधातला वाटा. तुम्ही आधी वही करा. सातबारे जमवा आणि प्रत्येक नावापुढे गुंठे लिहा. मग मजुरी किंवा पैसे, दोन्हीतलं एक. मुंबईकर बहुतेक पैसे देतात, फक्त वेळेवर मागणारं कुणीतरी लागतं. ओस जमिनीवाल्यांनाही सोडू नका. त्यांची जमीन कोरडी आहे ती याच बांधामुळे.

बांधाचे टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याला दोन नावं लावा. अमावस्या-पौर्णिमेच्या आधी दोन दिवस फेरी. नुसतं चालायचं, पण आतल्या अंगाने. ओल तिथेच दिसते.

मातीचं मात्र जपून. पूर्वी खाडीकडची माती उचलायचे. आता तिथे कांदळवन (खारफुटी) वाढलेलं असतं आणि उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर कांदळवन तोडणं किंवा त्यावर भराव टाकणं गुन्हा आहे. कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही त्यात येतो. जेसीबी आणण्याआधी लेखी परवानगी घ्या. आणि कांदळ लाटेचा मार स्वतःवर घेतं, ते बांधाच्या पुढे असणं आपल्याच फायद्याचं. माती आतून घेतलीत तर खड्ड्याचं तळं होतं. आमच्याकडे अशा तळ्यांत जिताडा मासा सोडतात.

जमीन सावरेपर्यंत पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं बियाणं लावून बघा. पनवेल-1, 2, 3 हे वाण खाऱ्या जमिनीसाठीच काढलेत.

मांडवीकाठ

मी गोव्यातला. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या अशाच बांधाआडच्या शेतांतही हीच गोष्ट, नावं तेवढी वेगळी. तुमची उघाडी ती आमची मानस. भरतीच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. इतकी साधी रचना, पण कुणी बांबू घातला की संपली.

मासे धरणाऱ्यांना वाईट ठरवू नका. आमच्याकडे मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावाने जातो आणि ते पैसे बांधासाठी असतात. पूर्वी हे सगळं गावकारी म्हणजे कोमुनिदाद बघायची, कुळकायद्यानंतर कुळांच्या संघटनांकडे आलं. लिलाव झाला की दाराला मालक मिळतो, दार बिघडलं तर विचारायचं कुणाला ते कळतं.

पण एक धोका डोळ्यांनी पाहिलेला सांगतो. काही ठिकाणी माशांचा पैसा भातापेक्षा मोठा झाला आणि दार मुद्दाम उघडं राहायला लागलं. शेतं बुडाली, पाठोपाठ बांधही दुर्लक्षाने गेले. म्हणून दार कोणत्या महिन्यात, किती वेळ उघडायचं हे करारात लिहा. भात उभं असताना खारं पाणी आत घ्यायचं नाही, यात तडजोड नको. आणि किल्ली मासेवाल्याकडे एकट्याकडे नको.

दूरदेशी रोहा

मूळचा रोह्याचा, आता नेदरलँड्समध्ये. इथे आमचं घर समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे धागा दोनदा वाचला.

इथे बांध आणि निचरा बघायला 21 पाणीमंडळं आहेत, त्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते. ऱ्हाइनलंडचं मंडळ तेराव्या शतकापासून चालू आहे. मंडळाची पट्टी शेतकऱ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहणाराही भरतो, मीही भरतो. मार्च 2023 मध्ये प्रांताची निवडणूकही त्याच दिवशी होती. तिथे मला मत नव्हतं, कारण मी भारतीय नागरिक. पाणीमंडळाला मात्र मत होतं, कारण मी त्या बांधाच्या आत राहतो. ती मतपत्रिका चादरीएवढी मोठी होती. घडी उलगडताना मला आमच्या खारीच्या बांधावर बसलेले आजोबा आठवले.

इथल्या पाणीमंडळांचं जुनं सूत्र असं, की ज्याचं हित गुंतलंय त्याने भरायचं, आणि जो भरतो त्याला बोलायचा हक्क. मुंबईकरांकडून नुसती वर्गणी मागाल तर एकदा देतील. व्हिडिओ कॉलवर का होईना, बैठकीत बसवा आणि हिशेब दाखवा, म्हणजे दरवर्षी देतील. आणि ती मासे धरणारी मुलं बांधाच्या आतच राहतात. त्यांना गुंठ्यावर मोजू नका.

खारपाटकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच वही सुरू केली. एकशे बारा नावं झाली, त्यातली एकोणीस माणसं हयात नाहीत. सातबाऱ्यावर अजून आजोबांचीच नावं. वारसांना गाठायला चैत्र जाईल.

उघाडीवरच्या मुलांशी बोलले. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "बाई, झडपेचं बिजागर दोन वर्षं तुटलंय. बांबू नाही लावला तर ती उघडतच नाही, मग तुमच्याच शेतात पावसाचं पाणी तुंबेल." इतके दिवस मी त्यांना दोष देत होते! रविवारी ओहोटीला तो आणि मी झडप बघायला जातोय, गावच्या सुताराला घेऊन.

शहापूरच्या दादांना एक विचारायचंय: टप्पा किती हातांचा ठेवता? आमचा बांध वळणावळणाचा आहे, आणि वळणावरच बिळं जास्त दिसतात.