मदत हवी आहे: गोधडीपासून कुंचीपर्यंत सगळं शिवेल असं भरवशाचं शिलाई मशीन

नमस्कार मंडळी, नवीन शिलाई मशीन घ्यायचंय आणि गेले दोन महिने नुसती दुकानं नि व्हिडिओ पालथे घालतेय, जितकं बघावं तितका गोंधळ वाढतोय, म्हणून शेवटी इथे विचारतेय. राहायला चिंचवडला, बजेट 20 ते 25 हजार.

आत्तापर्यंत सासूबाईंचं काळं पायमशीन वापरत होते. सरळ टाका सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं, पण तो टाका असा की बघत राहावं. जुन्या नऊवारीच्या थरांची गोधडी, तिची दुमडलेली कड, 18 नंबरची जाड सुई, तरी कधी अडखळलं नाही. अधूनमधून तेलाचे चार थेंब आणि चामड्याचा पट्टा सैल झाला की थोडा कापून परत जोडायचा, बास. आता लहान फ्लॅटमध्ये आलो, त्याच्या स्टँडला जागाच उरली नाही, म्हणून ते गावी जाऊबाईंकडे दिलं. तेव्हापासून घरात काही उसवलेलं दिसलं की हात शिवशिवतात.

मधल्या काळात ऑनलाइन एक हातात धरून चालवायचं छोटं मशीन मागवलं होतं, ते कोणीही घेऊ नका हो. त्यात एकच दोरा असतो, खाली बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, नाहीच, त्यामुळे साखळीटाका पडतो आणि शेवटचं टोक सुटलं की सगळी शिवण सर्रकन निघून येते. लेकीच्या गॅदरिंगच्या परकराचा घेर असाच ऐन वेळी सुटला, मी विंगेत बसून सुईदोऱ्याने शिवत होते आणि ती रडत होती. ते अजून विसरले नाहीये.

माझी कामं अशी: पडदे, चेनवाले अभ्रे, अस्तराचे ब्लाऊज, साडीला फॉल, नवऱ्याच्या जीन्सची उंची कमी करणं, लेकीचे होजिअरीचे टॉप, आणि वर्षाला दोन-तीन गोधड्या. म्हणजे एकीकडे जॉर्जेट आणि दुसरीकडे जीन्स, दोन्ही एकाच मशीनवर. विकण्यासाठी शिवत नाही, पण शिवायला बसले की चार-चार तास बसते.

दुकानात डेमो देतात तो कडक सुती कापडाच्या तुकड्यावर, त्याच्यावर कुठलंही मशीन सुंदरच चालतं. म्हणून मी परवा घरूनच जीन्सचा कापलेला पाय आणि जॉर्जेटचा तुकडा घेऊन गेले. जीन्सच्या बाजूच्या शिवणीवर जिथे दुमड येऊन जाड उंचवटा होतो ना, तिथे पहिलं मशीन घूं घूं करत थांबलं आणि 14 नंबरची सुई मोडली. मग त्याहून जाड 16 ची सुई लावायला सांगितली आणि दाबपायाच्या मागे घडी घातलेली चिंधी सरकवली म्हणजे पाय तिरका न होता सपाट राहतो, तसं केल्यावर पार झालं, पण मोटरीचा आवाज काही मला आवडला नाही. दुकानदार मात्र टाके किती प्रकारचे आहेत तेच सांगत होता. मला फुलापानांचे टाके नकोत हो. सरळ, झिगझॅग, ताणाच्या कापडाचा टाका आणि नीट काजं, एवढं उत्तम येऊ दे.

सध्या तीन डोळ्यासमोर आहेत. उषा जानोमेचं अल्युअर, कारण ते बऱ्याच घरांत दिसतं. सिंगरचं हेवी ड्यूटी 4423, आतला सांगाडा धातूचा, मिनिटाला 1100 टाके, पण मला वेगापेक्षा हळू चालवताना जोर टिकतो का ते महत्त्वाचं वाटतं, बजेटच्या थोडं वर गेलं तरी चालेल. आणि ब्रदरचं एफएस 101, ते कॉम्प्युटराइज्ड, 100 प्रकारचे टाके. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट सारखी जाते-येते, त्यात आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड उडाला तर काय, ही धास्ती आहे. बहीण न्यू जर्सीहून आणते म्हणतेय, पण तिकडची मशीनं 110-120 व्होल्टवर चालणारी, इथे आपले 230, वर बिघडलं तर हात कोण लावणार, म्हणून तिला नको म्हटलं.

ज्यांनी यातलं एखादं निदान दोन-तीन वर्षं वापरलंय त्यांनी प्लीज लिहा. जाड शिवणीवर अडतं का? होजिअरीवर बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लावूनही टाके सुटतात का? वरून टाकायची बॉबीन, ज्यात दोरा किती उरला ते दिसतं, ती बरी की पुढून केससकट बसवायची धातूची? पुढचीचा ताण मला केसच्या स्क्रूवर जमतो, वरच्या प्लास्टिकच्या बॉबीनीचा अनुभव नाही. आणि सगळ्यात मुख्य, पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यात मशीन उघडून नीट दुरुस्त करणारा माणूस कुठल्या मशीनला सहज मिळतो? पार्ट मागवलाय म्हणून महिना-महिना मशीन दुकानात पडून राहणार असेल तर ते कितीही चांगलं असलं तरी मला नको.

अस्तरं, लेस आणायला पुढच्या आठवड्यात रविवार पेठेत जाणार आहे, तेव्हाच मशीन बघून टाकायचा विचार आहे. भाची दिवाळीनंतर बाळंतपणाला आमच्याकडे येतेय, झबली आणि कुंची मीच शिवणार असं तिला कबूल केलंय, त्यामुळे त्याआधी नव्या मशीनवर हात बसायला हवा.